ओढ्यापलीकडची करडं

३ नोव्हेंबर, सोमवार

बबिता सकाळच्या गाडीनं गेली. नांदूरघाटच्या स्टँडवर दर्शूनं तिची ओढणी अशी धरली की गाडी थांबवून कंडक्टरला खाली उतरावं लागलं. शेवटी मीच एकेक बोट सोडवलं. सहा वर्षांच्या पोरीच्या बोटांत एवढा जोर कुठून येतो कुणास ठाऊक. घरापर्यंत मोटारसायकलच्या टाकीवर बसून ती रडत होती. मधे उचकी लागली, तरी रडणं थांबलं नाही.

बायको पोलिसात लागली तेव्हा पेढे वाटताना माझीच छाती फुगली होती. ट्रेनिंग लांब आहे, उन्हाळा संपेपर्यंत. दिवेलागणीला शेळ्या आत घेतल्या की आम्ही दोघं बाजेवर बसून दिवसभराचं बोलायचो. जाताना तिनं खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी माझ्या हातात दिली. म्हणाली, "आवं, संध्याकाळचं बोलणं आता हिच्याशी करा. न्हाईतर शेळ्यांचं डोकं खाचाल."

तर बोलतोय. बाजेच्या तिच्या कडेला आता डायरी आहे.

माझी माय, म्हणजे छबुबाई, नातीला मांडीवर घेऊन दिवसभर एकच सांगत होती, "उंद्या येती तुजी आई. उंद्या येती." खोटं बोलून पोर गप्प बसवायची ही रीत मला पटत नाही. उद्या उजाडल्यावर काय सांगणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

सेंटरवर संध्याकाळी थोडा वेळ फोन हातात देतात. बबिता लगेच लावते. इकडे दर्शू "आई" म्हणते आणि पुढचा सगळा वेळ रडते. तिकडे बबिताही रडते. मी मधे फोन धरून उभा, विजेच्या खांबासारखा. फोन ठेवला की पोरगी जेवत नाही. माय गुळाचा खडा हातात देते, तो मुठीत तसाच वितळतो.

दिवसभर बरी असते. शाळेत जाते, शेळ्यांमागं फिरते. फोन आला की सगळं मुसळ केरात.

९ नोव्हेंबर, रविवार

आज करडं तोडली.

दूध तोडायचं काम मी बापाकडून शिकलो. करडं तीन महिन्यांची झाली की आईपासून वेगळी करायची, नाहीतर शेळी खंगते आणि करडू चाऱ्याला तोंड लावत नाही. नुसतं दावं वेगळं करून भागत नाही. आवाज तोडावा लागतो. शेळीचा आवाज करडाच्या कानावर पडला की ते परत ओरडायला लागतं, करडाचा शेळीच्या कानावर पडला की तिला पान्हा फुटतो. म्हणून आम्ही करडं ओढ्यापलीकडं सिदूआप्पाच्या कोठ्यात नेऊन बांधतो. थोडे दिवस ओरडतात, मग गप्प होतात, चारा धरतात.

दर्शू बरोबर आली होती. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं एक करडू तिचं लाडकं आहे, बुंदी. बुंदीची आई मोरी. ओढा ओलांडताना बुंदी मागं वळून ओरडत होती, आणि दर्शू तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होती.

परत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढी वर्षं शेळ्या राखतोय आणि घरातलं दिसलं नाही. दर्शूला आई नसण्याचा त्रास नाही. आईचा आवाज येण्याचा त्रास आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

दर्शूला सांगितलं, "आईच्या तिकडं रेंज न्हाई. आता फोन लागणार न्हाई."

ती म्हणाली, "कावून न्हाई?"

"डोंगर हाय मधी."

तिनं खूप वेळ बालाघाटाच्या डोंगराकडं पाहिलं. बबिताला सांगितलं की पोरगी फोननं जास्त कळवळते, थोडे दिवस फोन नको, मी कळवत जाईन. ती म्हणाली, "तुमाला बरुबर वाटत आसंल तर ऱ्हाऊ द्या." तिचं ते "ऱ्हाऊ द्या" कानात राहिलं. पण एकानं तरी कडक व्हायला पाहिजे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज दर्शू रडली नाही. कालही नाही. अर्धी भाकरी खाल्ली, वर दूध प्यायली. सिदूआप्पाकडून निरोप आला, करडांनीही तुरीचा पाला धरला. दोन्ही कामं एकदम मार्गी लागली.

फोन नाही म्हणून बबिता दर्शूसाठी रोज व्हॉइस मेसेज टाकते. मी ते दर्शूला ऐकवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे धुई पडली होती. ज्वारी अशी बुडाली होती की नुसते शेंडे वर तरंगत होते. त्या धुईत दर्शू दिसेना. हाका मारत गेलो तर विहिरीच्या काठावर पालथी पडून आत तोंड घालून बोलत होती.

"आई," ती म्हणायची. विहीर खालून म्हणायची, "आई." मग ती कान देऊन ऐकायची आणि हसायची.

मागून धरून उचलली. म्हटलं, "काय करायलीस इथं?"

"हिरीत रेंज हाय पप्पा," ती म्हणाली.

मला हसूच आलं. पोरांची डोकी कशी चालतात. पण विहिरीचा खेळ म्हणजे जिवाशी गाठ. बोट दाखवून बजावलं, की मोठं माणूस संगं नसताना विहिरीकडं यायचं नाही म्हणजे नाही. दुपारपर्यंत बाभळीच्या फांद्या तोडून काठाला गच्च कुंपण केलं. ती पायरीवर बसून पाहत होती. हट्ट केला नाही, रडली नाही. मी मायला म्हटलं, "बघ, कशी समजदार व्हायली."

माय म्हणाली, "लईच व्हायली."

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी तुरीच्या सावलीत बसून बबिताचे सगळे मेसेज ऐकले. शेंगा भरल्यात, वारा आला की वाळलेल्या खुळखुळतात. त्यातून बबिताचा आवाज येत होता. कधी धाप लागलेला, कधी दबका, शेजारची झोपली असेल म्हणून.

"दर्शू, आज आमाला लई पळवलं. माज्या पायात गोळे आले."

"दर्शू, हितं गेटवर एक कुत्री हाय, तिला चार पिल्लं झाली. एक तुज्यासारखं हाय, सारखं झोपतंय."

"दर्शू, माज्या खाटेच्या वर खिडकी हाय. तिच्यातून चांदणी दिसती. आपल्या अंगणातून बी तीच दिसत आसंल. तू हात कर, मी बी करते."

ऐकता ऐकता डोळा लागला. स्वप्नात बबिता तुरीतून चालत आली. अंगावर खाकी, डोक्यावर भाकरीचं टोपलं. जागा झालो तर शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात. धोंडीरामच्या शिव्या खाल्ल्या.

हे मेसेज पोरीनं ऐकले असते तर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. मी ऐकतो ते वेगळं. मी मोठा माणूस आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेच्या मोहिनी मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "दर्शू फार शांत झाली हो. आधी किती बडबड करायची. आता हाक मारली तरच बोलते." मी म्हटलं, "घरी बी तसंच हाय मॅडम. वळण लागलं." मॅडम आणखी काही म्हणणार होत्या, पण घंटा झाली.

घरी येऊन मायला सांगितलं. मायनं नातीला जवळ ओढून आपलं नेहमीचं सुरू केलं, "उंद्या येती बरं का." दर्शूनं तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "हां आज्जी. येती." म्हातारीची समजूत काढावी तसं. मला गंमत वाटली.

३ डिसेंबर, बुधवार

केजच्या बाजाराला गेलतो. एक तरणी शेळी विकली, भाव बरा आला. दर्शूला जिलेबी आणि लाल रिबीन घेतली. वाटेत मोटारसायकल पंक्चर झाली, यायला संध्याकाळ टळून गेली. एरवी मला उशीर झाला की पोरगी वाटेवरच्या चिंचेपर्यंत पळत येते आणि हँडलला लोंबकळते. आज उंबऱ्यात बसली होती. वर पाहिलं आणि म्हणाली, "आलाव का?" आणि पुन्हा खाली मान घालून खडे मांडायला लागली.

जिलेबी खाल्ली. रिबीन खिळ्याला अडकवून ठेवली.

कुणावाचून तिचं अडत नाही आता. हेच तर पाहिजे होतं. तरी मी उगीच चिंचेपाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. कशासाठी ते सांगता येत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

आज करडं परत आणली, आणि हे लिहायला हात उठत नाही. पण ज्या हातानं बाकीचं लिहिलं त्याच हातानं हे लिहायला पाहिजे.

सिदूआप्पाकडून करडं सोडून आणली. चांगली भरली होती. बुंदी वाड्यात शिरली आणि मोरीच्या अंगाला घासून पुढं गेली, वाटेतल्या दगडाला वळसा घालून जावं तशी. मोरीनं तिला हुंगलं आणि शिंगानं बाजूला ढकलून दिलं. हे असंच होतं. दर वर्षी होतं. काम नीट झालं याची ती खूण आहे, आणि दर वर्षी मी ते बघून समाधानानं बिडी पेटवतो.

आज बिडी पेटवली नाही.

बुंदी कोपऱ्यात जाऊन एकदाच बारीक ओरडली. दर्शू तिच्यापाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. मी गव्हाणीमागं होतो, तिला दिसत नव्हतो. ती अगदी हळू सांगत होती, आपल्याला आलेलं गणित दुसऱ्याला शिकवावं तसं.

"वरडू नको. वरडलं की आवाज बी बंद करतेत. मी रडले म्हून फोन बंद केला. हिरीत बोलले तर काटे लावले. गप बसायचं. मंग कुणाला कळत न्हाई."

बुंदी गप्प झाली. दर्शू उठली, फ्रॉक झटकला आणि आत गेली.

मी गव्हाणीला धरून खाली बसलो. माझी पोरगी शहाणी झाली नव्हती. माझ्यापासून लपली होती. आणि मी रोज इथं लिहीत होतो, आज रडली नाही, आज रडली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

बबिताला फोन लावून सगळं सांगितलं. करडांचं, डोंगराचं, मेसेजचं, विहिरीचं. संपल्यावर म्हणाली, "माजं लेकरू काय करडू हाय का?"

मी म्हटलं, "चुकलं."

"मी हितं रोज भिताडाशी बोलल्यावानी बोलायली. मला वाटलं ती ऐकायली." मग म्हणाली, "मी नोकरी सोडून येते."

तोंडावर आलं होतं, ये म्हणायचं. ती आली असती तर माझी सुटका झाली असती. पण दोन वर्षं पहाटे उठून तिनं त्या ओढ्याकाठी पळून पळून ही नोकरी मिळवली, दर्शूनं ते पाहिलंय, माझ्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवल्यात. रडलं की आई हातातलं टाकून येते, हे शिकवायचं, की रडलं की आई ऐकते आणि तरी तिचं काम करते, हे?

म्हटलं, "येऊ नको. मी बिघडवलंय, मी बसतो तिच्याजवळ. तू रोज फोन कर. ती बोलो न बोलो."

"आन रडली तर?"

"रडंल. तू बी रड. पर ठेवायच्या येळंला ठेव."

तिनं फोन ठेवला. निरोप न घेता. रागावली आहे, आणि बरोबर आहे तिचं.

१० डिसेंबर, बुधवार

शाळेतून आल्यावर दर्शूला घेऊन ओढ्याच्या कडेला बसलो. पाणी घोट्याएवढंच उरलंय, खालची वाळू दिसते. म्हटलं, "रेंज होती. डोंगराचं मी खोटं सांगितलं. तू रडतीस ते मला बघवत नव्हतं म्हून."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. वाळूत बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "आई रोज फोन करायची?"

"रोज. मेसेज टाकायची, बोलून."

तिनं मूठभर वाळू माझ्या तोंडावर फेकली. दुसरीही फेकली. तिसऱ्यांदा दगड उचलला तेव्हा मी तिचा हात धरला. "राग कर. लई कर. पर दगड मारायचा न्हाई." ती हात ओढत राहिली, मी सोडला नाही आणि आवळलाही नाही. शेवटी दगड पडला.

मग बबिताचे मेसेज लावले. पहिल्यापासून, एकेक. ती ऐकत होती, चेहरा दगडासारखा. कुत्रीच्या पिल्लांचा आला तेव्हा म्हणाली, "परत लावा." चांदणीचाही परत लावायला लावला. सूर्य डोंगराआड गेला आणि आकाश पिवळं, मग जांभळं झालं. चांदणी निघाली तशी ती उभी राहिली आणि हात केला. खूप वेळ हात वर होता. मीही केला.

रडली मात्र नाही.

१४ डिसेंबर, रविवार

रोज दिवेलागणीला फोन येतो. दर्शू कानाला लावून धरते आणि बोलत नाही. तिकडून बबिता बोलते, इकडून नुसता श्वास. वेळ झाली की बबिता म्हणते, "आता ठेवते. उंद्या याच येळंला करते." आणि करते. माझ्याशी बोलत नाही. "फोन तिच्याकडं द्या" एवढंच. परवा तेवढं येळवशीच्या अमावास्येला सुट्टी मिळाल्याचं सांगितलं.

काल जेवताना दर्शूनं ताटली फेकली, आज्जीला चावली. माय म्हणाली, "तुजी आई उंद्या—" मी म्हटलं, "माय, उंद्या न्हाई. येळवशीला येणार हाय, दोन दिसांसाठी. मंग परत जाणार हाय." माय माझ्याकडं बघतच राहिली. दर्शूही.

सांडलेली भाजी मी आणि दर्शूनं मिळून पुसली. तिला एकटीला लावली नाही, आणि मी एकट्यानंही पुसली नाही. पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "दोन दिस म्हंजे किती?"

बोटं दाखवली. तिनं माझी ती दोन बोटं मुठीत धरली. मला भीती वाटतेय. बुंदी मोरीजवळून गेली तशी ही बबिताजवळून गेली तर?

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस, शिवारातच पूजा आणि जेवण करायचा सण. ज्वारीत कडब्याची खोप उभी केली, पाच दगड पांडव म्हणून मांडले, त्यांना चुना लावला. मायनं पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे केले, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन आली. सगळ्या शिवारात अशा खोपा, सगळीकडून माणसांचे आवाज, आणि वर पांढरं पांढरं ऊन.

बबिता वाटेनं आली. वाळली आहे, केस कापलेत, चाल बदलली आहे. दर्शू खोपीच्या मागं गेली. बुंदीला घट्ट धरून उभी राहिली आणि आईकडं असं पाहू लागली जसं अनोळखी पाहुण्याकडं पाहतात. मायचा हात तोंडावर गेला.

बबितानं पिशवी खाली ठेवली. पोरीला ओढलं नाही, हाका मारल्या नाहीत. खोपीसमोर मांडी घालून बसली आणि आपल्या पायांशी बोलावं तसं बोलायला लागली, "ते झोपाळू पिल्लू हाय ना, त्याचं नाव आमी दर्शू ठिवलंय. सगळ्या पोरी त्याला दर्शू म्हून हाक मारतेत. रोज तुजं नाव कानावर पडतंय."

खोपीमागून आवाज आला, "त्याची आई कुटंय?"

"गेटवर. कामावर. रातच्याला पिल्लाकडं येती."

"आन पिल्लू रडतंय का?"

"लई. सगळ्या सेंटरला ऐकू येतंय."

"मंग?"

"मंग काय. रडतंय, आन झोपतंय. आईला ऐकू जातंय त्याचं."

कडब्याच्या फटीतून एक डोळा दिसत होता. मग बुंदी मोकळी सुटून पळाली, कारण तिला धरणारे हात तिथं नव्हते. दर्शू बबिताच्या पाठीला चिकटली होती, तोंड मानेत खुपसून. बबिता हलली नाही. मी आंबिलीचा तांब्या घेऊन शेताच्या कडेनं शिंपत निघालो, कारण मला तिथं उभं राहवेना. ज्वारीच्या पानांवर पांढरे थेंब पडत होते आणि मला पुढचं नीट दिसत नव्हतं.

संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून तिघंही शेताभोवती फिरलो. बबिता एकदाच माझ्याशी बोलली. "पुन्हा आसं करचाल का?" मी नाही म्हटलं. तिनं पेटती पेंढी माझ्या हातात दिली.

२० डिसेंबर, शनिवार

आज दर्शू लई रडली. आधी ते लिहितो.

सुट्टी दोन दिवसांची, त्यातला एक जाण्यायेण्यातच जातो. दुपारच्या गाडीला स्टँडवर गेलो. वाटेत दर्शू गप्प होती आणि मला धडकी भरली होती. गाडी आली. बबिता पायरीवर चढली आणि पोरीनं असा टाहो फोडला की चहाच्या टपरीवरची माणसं बाहेर आली. तिनं ओढणी धरली. या वेळी मी बोटं सोडवली नाहीत. बबिता खाली उतरली, तिचे मुके घेतले, आणि म्हणाली, "मी जाणार हाय. संध्याकाळी गाडीतून फोन करते." आणि एकेक बोट स्वतः सोडवलं. सोडवताना तीही रडत होती. गाडी गेली.

"गप गं बाई," टपरीवाला म्हणाला. "पप्पा बिस्कुट देतेत बघ."

"रडू द्या तिला," मी म्हटलं. माझंही तोंड ओलं झालं होतं, पुसलं नाही.

टाकीवर बसून ती सगळा रस्ता रडली. ओढा ओलांडताना थांबली, नाक पुसलं आणि म्हणाली, "पप्पा, भूक लागली." घरी कालचा उंडा आणि भज्जी होती. ती उंबऱ्यात बसून खायला लागली. वाड्यातून बुंदी ओरडली. सवयीनं माय तिच्यावर खेकसली, "गप गं."

दर्शू भरल्या तोंडानं म्हणाली, "वरडू दे आज्जी. आईला ऐकू जातंय."

आता दिवे लागलेत. फोन बाजेवर दर्शूच्या शेजारी आहे, आणि ती त्याच्याकडं बघत बसली आहे.